पेशकारांचा पिटबुल

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय जगातल्या कुठल्याच गोष्टीचा निकाल लागू नये असं मनापासून मानणारा, आणि तसं वागून स्वतःचं व शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जगणं अवघड करून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नांदेडहून विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची कॉलनी आहे, तिथे ते माझ्या अगदी समोर राहतात. कोर्टात ते पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशांच्या खालच्या बाकावर बसून फायली वर सरकवणारे आणि पक्षकारांना पुढची तारीख सांगणारे कारकून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. पोस्टमनसुद्धा पेशकारसाहेबच म्हणतो, आणि त्यांच्या आडनावाचं पत्र आलं की ते कुणाचं म्हणून मला विचारायला येतो.

एकदा कॉलनीत दूध पातळ येऊ लागलं. आम्ही चारचौघांसारखे फाटकात उभं राहून दूधवाल्यावर ओरडलो. पेशकारसाहेबांनी त्याला ओसरीत खुर्ची दिली, चहा पाजला आणि त्याची जबानी लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोची, कारण धार ती काढते. तिसऱ्या दिवशी ऑटो करून गोठ्यावर गेले आणि म्हशीची पाहणी करून आले. निकाल असा लागला की म्हैस उन्हाळ्यामुळे पाणी जास्त पिऊन राहिली आहे, दूधवाल्याचा कसूर न्हाई. त्यानंतर वर्षभर आम्ही सगळे ते पातळ दूध मुकाट्याने प्यालो, कारण प्रकरण निकाली निघालं होतं. डॉक्टरांनी त्यांना साखर निघाल्याचं सांगितलं तेव्हा तर त्यांनी रिपोर्ट परत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे एकतर्फी झालं. दुसऱ्या लॅबचं बी म्हणणं येऊ द्या." दुसरा रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता. तो आठवडाभर ते रोज सकाळी जिलेबी खात होते. मी टोकलं तर म्हणाले, "मधल्या काळात परिस्थिती जैसे थे ठेवायची असती." त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, होत्या तोवर या सगळ्याला एक वेसण होती. "तुमचं कोर्ट उठलं का सांगा, मग पोळ्या टाकते," असं त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या आणि कोर्ट उठायचं. त्या गेल्यावर ते उठवायला कुणी राहिलं नाही.

कॉलनीत कुंडी फुटली, पाण्याच्या पाइपावरून भांडण झालं, कुणाच्या गाडीला ओरखडा पडला की पेशकारसाहेब पंचनामा करत. पंचनाम्याला दोन पंच लागतात. मी समोरच राहतो म्हणून एक मी, आणि दुसरे कोपऱ्यावरचे गादी कारखानेवाले मुनीरभाई. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, कॉलनीचा सेक्रेटरी आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. मुनीरभाईंना पेशकारसाहेबांचा चहा आवडतो. एवढ्या पात्रतेवर आम्ही दोघांनी कितीतरी कागदांवर सह्या केल्या. त्यातल्या एकाही कागदाचा पुढे कुणाला उपयोग झाल्याचं मला आठवत नाही.

तर अशा माणसाच्या घरी त्यांचा पुण्याचा पुतण्या एका रविवारी मोटारीतून आला आणि पंधरा दिवसांसाठी म्हणून एक पिटबुल ठेवून परदेशी निघून गेला. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. कुत्र्याचं डोकं पाट्याएवढं रुंद, छाती एखाद्या पैलवानाची आणि नाव किलर. मोटारीचं दार उघडून तो खाली उतरला तेव्हा आमची गल्ली रिकामी झाली. मी स्वतः घरात जाऊन कडी लावली आणि मग खिडकीतून सेक्रेटरीच्या नात्याने परिस्थितीवर लक्ष ठेवलं. टीव्हीवर या कुत्र्यांच्या बातम्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. कुणाचा हात गेला, कुणाचा गाल गेला, हे प्रत्येकाला माहीत होतं. पेशकारसाहेबांनी पहिलं काम केलं ते नाव बदलण्याचं. "आरोपीचं नावच किलर ठेवल्यावर कोन त्याचं ऐकून घेणार?" असं म्हणून त्यांनी त्याचं नाव बंडू ठेवलं.

या बंडूइतका भित्रा प्राणी आमच्या कॉलनीत दुसरा नव्हता. कुकरची शिट्टी झाली की तो पलंगाखाली जायचा, आणि पलंग बुटका असल्यामुळे निम्माच जायचा. माझ्या घरातली मांजर फाटकावर येऊन बसली की तो पेशकारसाहेबांच्या धोतरामागे उभा राहून तिच्याकडे बघायचा. मुनीरभाईंनी त्याच्यासाठी उरलेल्या कापसाची एक छोटी गादी शिवून आणली. ती आणताना ते फाटकाबाहेर दहा मिनिटं उभे होते, आत पाऊल टाकायची छाती होईना. शेवटी बंडूनेच येऊन त्यांचा हात चाटला, तेव्हा मुनीरभाई हसत मला म्हणाले, "क्या साब, ये तो मेरेसे बी ज्यादा डरपोक हाय!" पेशकारसाहेब त्याला सकाळ-संध्याकाळ दोरीने बांधून फिरवत. कोण कुणाला फिरवतंय हे लांबून सांगता येत नसे. पण वहिनी गेल्यापासून त्या घरात संध्याकाळी बोलण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. पेशकारसाहेब ओसरीत बसून बंडूला जुने खटले सांगायचे, आणि बंडू ते शेवटपर्यंत ऐकायचा. आमच्यापैकी कुणीही ते कधी शेवटपर्यंत ऐकले नव्हते.

तरीही महिनाभरात कॉलनीची सभा बोलवावी लागली. कुत्रं हलवा, असा अर्ज होता आणि त्यावर पहिली सही दुसऱ्या गल्लीतल्या देगलूरकर बाईंची होती. बाई गणिताच्या मास्तरीण, आवाज खणखणीत, आणि त्यांचं म्हणणं भीतीपोटीचं असलं तरी खुळं नव्हतं. पेशकारसाहेब उभे राहून म्हणाले, "खटला जातीवर चालत न्हाई. आरोपी एकेकटा असतो. बंडूनं काय केलं ते सांगा." बाई म्हणाल्या, "काहीच न्हाई केलं, मान्य हाय. पण साहेब, गल्लीतलं कुत्रं चावतंय आणि पळतंय. ह्या जातीचं चावलं तर सोडत न्हाई म्हणतात. सवाल चावण्याचा न्हाईच, सोडण्याचा हाय." पेशकारसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मुद्दा बरोबर हाय बाईंचा," ते म्हणाले, आणि त्यांनी सहा महिन्यांची तारीख मागून घेतली. सहा महिन्यांत पुरावा पुढे येईल, आणि जो येईल तो आपण मान्य करू, असं त्यांनी लिहून दिलं. पंच म्हणून सही अर्थातच माझी आणि मुनीरभाईंची.

मग एक वही सुरू झाली. कॉलनीत कुणाला काहीही चावलं की पेशकारसाहेब ती घेऊन हजर. चावा कुठे, किती खोल, चावणाऱ्याला कुणी डिवचलं होतं का, चावल्यावर सोडलं की धरून ठेवलं, असे रकाने पाडले होते. गॅसवाल्याला गल्लीतल्या तांबड्या कुत्र्याने पोटरीला धरलं त्याची नोंद झाली. एका डॉक्टरांना त्यांच्याच पांढऱ्या केसाळ, रिबीन बांधलेल्या कुत्रीने चावा घेतला. डॉक्टर तो लपवत होते, तर पेशकारसाहेब त्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले. देगलूरकर बाईंच्या पोपटाने माझं बोट फोडलं तेही लिहिलं गेलं, आणि त्या पंचनाम्यात मी जखमी आणि पंच दोन्ही असल्याने बराच पेच पडला. सगळ्या कॉलनीची चावाचावी त्या वहीत येत गेली आणि बंडूचं पान कोरंच राहिलं. पाचव्या महिन्यात देगलूरकर बाई फिरायला जाताना पदराखालून भाकरीचा तुकडा काढून फाटकातून आत टाकू लागल्या. मी बघतोय असं दिसलं तर म्हणायच्या, "उरली होती म्हनून टाकली, दुसरं काही न्हाई."

सभेला आठ दिवस उरले असताना, मे महिन्यातल्या एका दुपारी, पेशकारसाहेबांनी मला बोलावून घेतलं. एवढ्या उकाड्यात त्यांनी मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट घातला होता. मुनीरभाई आधीच येऊन बसले होते आणि चहाला त्यांनी हात लावलेला नव्हता. पेशकारसाहेबांनी उजवी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी होती. दोन दिवसांपूर्वी तांबड्या कुत्र्याने फाटकाखालून तोंड आत घातलं, बंडूने त्याचा कान धरला, आणि ते सोडवायला पेशकारसाहेबांनी मध्ये हात घातला, तो बंडूच्या जबड्यात सापडला. सगळी कॉलनी दुपारची झोपली होती. कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलं नाही. ते ऑटोने एकटेच दवाखान्यात जाऊन टाके घालून, सुई टोचून घेऊन आले होते. आता पुढ्यात पंचनामा लिहून तयार होता. डाव्या हाताने लिहिल्यामुळे अक्षर वाकडं आलं होतं, पण एकही रकाना रिकामा नव्हता.

"फाडून टाका," मी म्हटलं. मी सहसा असं बोलत नाही. "कुणाला माहीत नाही. आणि त्याने तुम्हाला चावलं नाही, भांडणात तुमचा हात मध्ये आला." मुनीरभाईंनीही मान हलवली. बंडू कोपऱ्यात गादीवर पडून होता आणि आमच्या कुणाकडेच बघत नव्हता. पेशकारसाहेब म्हणाले, "ते बी लिहिलंय, आठव्या ओळीत. भांडणात हात मध्ये आला म्हनून. पन पंचानं असं बोलू नये, सर. सही करा." मी सही केली. आयुष्यात मी इतक्या सह्या केल्या, पण एवढी जड सही कुठलीच नव्हती.

सभा गणपतीच्या देवळाच्या मंडपात भरली. खरं म्हणजे वातावरण सगळं बंडूच्या बाजूचं होतं. कुत्रं राहू द्यावं असा ठराव मी आधीच लिहून खिशात ठेवला होता आणि बाईंनी त्याला अनुमोदन देण्याचं कबूलही केलं होतं. पेशकारसाहेबांनी उभं राहून सगळी वही वाचली. गॅसवाल्याला लोक हसले, डॉक्टरांना जास्त हसले. मग त्यांनी बंडूचं पान काढलं आणि स्वतःची नोंद त्याच आवाजात वाचली. "चावल्यावर सोडलं का?" हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. "न्हाई सोडलं. मी तीन येळा नाव घेऊन हाक मारली, तरी न्हाई. नळाखालची बादली डोक्यावर ओतली, तवा सोडलं."

आधी देगलूरकर बाईच उठून म्हणाल्या, "साहेब, जाळी बांधू की त्याच्या तोंडाला. पाळणारे बांधतात. राहू द्या त्याला." त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू ऐकला. पेशकारसाहेबांनी मान हलवली. "माजं वय झालं, बाई. माज्या हातून एक दिवस जाळी राहून जाईल आन फाटक उघडं राहील. आरोपीला संशयाचा फायदा देतात, इथं संशय उरला न्हाई. तुमची भीती खोटी नव्हती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पन सर, इतिवृत्तात नीट लिवा. जात दोषी ठरली न्हाई. ह्यो एकटा ठरला, आन त्याला सांभाळणारा कमी पडला." मी तसंच लिहिलं. खिशातला ठराव मी घरी येऊन फाडला आणि बायकोवर उगीच चिडलो.

कोर्टाचे समन्स बजावणारे एक जुने बेलिफ हिमायतनगरच्या पुढे शेतावर राहतात. चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आसपास वस्ती नाही, आणि माणूस धट्टाकट्टा, जनावरांत वाढलेला. ते जीप घेऊन आले. बंडू जीपमध्ये चढला तो पेशकारसाहेबही मागून चढतील या समजुतीने. ते चढले नाहीत. मुनीरभाईंनी गादी आत ठेवली, आणि जीप निघाल्यावर मी घड्याळात बघण्याचं नाटक केलं.

त्यानंतर पेशकारसाहेब शेतावर कधी गेले नाहीत. आपल्याला बघून तो परत यायला बघेल, मग त्याला पुन्हा सोडून निघायचं, ते दोनदा कशाला, असं म्हणाले. फक्त गेल्या महिन्यात एका सकाळी फोन हातात घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत, नंबर मलाच लावून द्यावा लागतो. मी फोन लावला आणि आवाज मोठा करून मधल्या टेबलावर ठेवला. पलीकडून बेलिफ म्हणाले, "बोला साहेब, त्याच्या कानाला लावलाय." पेशकारसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. पलीकडे बंडूचा श्वास ऐकू येत होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

"बंडू," ते शेवटी म्हणाले, "हात बरा झाला बरं का. कायच झालेलं न्हाई. समदी बोटं चांगली चालतेत."