विजू आणि ठमीचं बीपी

हेमंतचा फोन आला तेव्हा मी मासळी बाजारात होते. बांगडे ताजे की कालचे, यावरून कोळणीशी माझी जुंपली होती. फोन खांद्यात धरला. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "मी आत नव्हतो." हातातला बांगडा मी टोपलीत परत ठेवला. कोळणीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझी पिशवी माझ्या हातात दिली. खरं सांगते, पहिल्या वाक्याने मला एवढं झालं नाही. विजूचं काही खरं नाही हे डॉक्टरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मनाला लागलं ते दुसरं वाक्य. एकुलता एक मुलगा, आणि आईचा जीव गेला तेव्हाही बिचारा दाराबाहेरच...

विजू काही चांगली बाई नव्हती. असं लिहायची पद्धत नाही, गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलायचं असतं, पण विजूबद्दल गोड लिहिलं तर ती वरून येऊन माझा कान पिळेल. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर, मधे काय तो पॅसेज. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होती. हाताखालच्या मुली तिला इतक्या टरकून असायच्या की शिंक आली तरी बाहेर जाऊन शिंकायच्या. निवृत्त झाली, पण आवाज तोच राहिला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विजू उठली की सेक्रेटरी खाली बसायचा. आणि तरी सांगते, माझा नवरा आजारी होता तेव्हा हॉस्पिटलमध्ये माझ्या वतीने भांडायला हीच यायची. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरपर्यंत कुणाला सोडलं नाही. नवरा गेल्यावर बाकीच्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, ही सरळ स्वयंपाकघरात गेली, पिठलं-भात केला आणि माझ्यासमोर ताट आपटून म्हणाली, "जेव. रडायला पण ताकद लागते." तेव्हापासून ती माझी. तिने कुणाचा खून केला असता तरी मी तिच्या बाजूने साक्ष दिली असती.

तिच्या नवऱ्याला, मोहनभाऊजींना, ब्लड प्रेशर होतं. गोळी घेतली का विचारलं की 'घेतली' म्हणायचे, हसून. एका सकाळी बाथरूममध्ये पडले ते उठलेच नाहीत. पुढे कधीतरी विजू खिडकीतल्या कुंडीची माती बदलायला बसली, तर मातीत गोळ्याच गोळ्या. अर्ध्या विरघळलेल्या. तिने मला हाक मारून त्या दाखवल्या. रडली नाही. "बघ, माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगतो," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिचा माणसाच्या तोंडावरचा विश्वास उडाला तो कायमचा.

ठमी म्हणजे भाऊजींनी जिन्यातून उचलून आणलेली मांजर. करडी, जाडी, तोंडावर कायम तक्रार. भाऊजी गेल्यावर घरात या दोघीच उरल्या. म्हातारी झाल्यावर एक दिवस ठमी चालताना टेबलाच्या पायावर आपटली. मग दारावर आपटली. डोळ्यांच्या बाहुल्या बशीएवढ्या मोठ्या, आणि दिसत काहीच नव्हतं. विजूने हेमंतला बोलावून घेतलं. साकीनाक्याला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, ते तसंच टाकून बिचारा धावत आला. आम्ही तिघांनी ठमीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, किडनी कमजोर झाली आहे, त्यामुळे बीपी वाढलं आणि त्या दाबाने डोळे गेले. आता गोळी द्यायची आणि दाब मोजत राहायचं, नाहीतर पुढचा फटका मेंदूला. हेमंत आईकडे बघत होता. ती ठमीच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा बोट हलवून बघत होती, ते त्याला बघवेना. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, किती म्हातारी झालीय ती. सोडव ना तिला. एक इंजेक्शन, झोपेतच जाईल."

झालं. त्याची वाट लागली ती तिथेच. विजूने खांद्यावरचा हात काढून बाजूला केला, आणि घरी येईपर्यंत रिक्षात त्याच्याकडे पाठ फिरवून बसली. मी मधे बसले होते ना, मला विचारा.

दवाखान्यात मांजर घाबरते, दाब उगाच जास्त येतो, म्हणून डॉक्टरबाईंनी घरी मोजायला शिकवलं. पुढच्या पायाला चिमुकला कफ बांधायचा, पंजाखाली जेल लावून पेन्सिलीएवढं यंत्र टेकवायचं, त्यातून नाडीचा आवाज ऐकू येतो. कफमध्ये हवा भरली की आवाज थांबतो. मग हवा हळूहळू सोडायची, आवाज पुन्हा आला की काट्याकडे बघायचं. आपोआप आकडा दाखवणारं मशीनही मिळतं, पण विजू म्हणाली, ऐकण्यात माझा जन्म गेला, मला कानाने कळतं. हेडफोन लावून बसली की थेट एक्स्चेंजमधली विजू. आठवड्यातून एकदा पुरे, असं डॉक्टरबाई बजावून सांगत होत्या. ही सकाळ-संध्याकाळ मोजायची. आधी घर शांत करायची. टीव्ही बंद, पंखा बंद, फ्रीजचा खटका बंद, बेलची वायर काढलेली, गॅसवरचा कुकर उतरवलेला. मग खिडक्या लावायच्या. मुलुंडमध्ये एवढी शांतता मी दुसरीकडे कुठे अनुभवली नाही. मग ती उशीवर ठमीला घेऊन बसायची आणि वाट बघायची.

मी गेले की मात्र तिची पंचाईत व्हायची, कारण मला गप्प बसता येत नाही. ती डोळे वटारायची, मी मटार सोलत सोसायटीच्या भानगडी सांगत राहायचे. आणि गंमत म्हणजे मी असले की ठमीचा आकडा कमी यायचा. "तू आवडतेस गं तिला," विजू म्हणायची, जराशी जळून. मीही फुशारून जायचे. सगळ्या मजल्यावर सांगत फिरले मी ते.

हेमंत रविवारी यायचा. तो आला की आकडा चढायचा. एकदा चढला, दुसऱ्यांदा चढला. मग विजूने मुद्दाम बघायचं ठरवलं. त्याला समोरच्या खुर्चीत बसवायची, सगळं घर बंद करायची, त्याच्यावर अन्याय नको म्हणून हं, आणि मोजायची. मायलेक तोंडाला कुलूप लावून समोरासमोर, मधे ते आंधळं जनावर. आकडा वरच. "तिला माहितीय तू काय बोललास ते," विजू त्याला म्हणाली. मी हसले. मला वाटलं थट्टा आहे. पुढच्या रविवारी तिने जाळीचं सेफ्टी डोअर उघडलंच नाही.

तेव्हापासून हेमंत पॅसेजमध्ये. जाळीतून औषधं आत द्यायची, ठमीचं खाणं द्यायचं, हळू आवाजात चार वाक्यं बोलायची आणि परत आपल्या घरी दिंडोशीला. बरं, पोरगा पण असा भोळा की भांडला नाही. त्याला वाटलं, वर्कशॉपच्या ऑइलचा वास येत असेल. माझ्याकडे येऊन आंघोळ करायचा, शर्ट बदलायचा, मग समोरचं दार वाजवायचा. एकदा चपला माझ्याकडे काढून अनवाणी उभा राहिला. बायकोला, प्रज्ञाला, आणेना, पोरांना आणेना, त्यांच्यामुळे आणखी वाढलं तर... दिवाळीत विजूने त्याला फराळाची ताटली जाळीतून दिली, ती त्याने जिन्यात बसून खाल्ली. मला बघवलं नाही, मी खुर्ची नेऊन ठेवली. विजू आतून म्हणाली, "खुर्ची ने ती. दिलीस तर बसेल." अशी बाई. मी तिच्याशी कडाकडा भांडले त्या दिवशी. ती शांतपणे म्हणाली, "मी नाही म्हणत गं. आकडा म्हणतो."

जाळीपाशी तो दर वेळी एकच विचारायचा, आज किती आलं? कमी आलं असेल तर आत येऊ का, हे तो विचारायचा नाही, पण उभं राहण्यातून कळायचं. विजू खरा आकडा सांगायची. ती खोटं बोलायची नाही, एवढं तिच्या बाजूने सांगते. तो जाळीतून बोलला की ती आधी पंखा बंद करायची, आणि तो गेला की लगेच मोजायची. अडीच वर्षं हे चाललं.

मग तिच्या छातीत दुखलं. मीच रिक्षात घालून नेली. आयसीयूत भेटायच्या वेळी हेमंतला मी ढकललाच आत, म्हटलं इथे मांजर नाही, जा. मी पडद्यापाशी उभी होते. विजूच्या दंडाला कफ बांधलेला, तो अधूनमधून आपोआप फुगायचा आणि आकडा डोक्याशी स्क्रीनवर उमटायचा. हेमंतने तिचा हात हातात घेतला. तिने काढून घेतला नाही. मला वाटलं, सुटलं एकदाचं. तेवढ्यात कफ फुगला. विजूची नजर स्क्रीनवर गेली. आकडा मघापेक्षा वर होता. तिने बोट उचलून दाखवलं आणि म्हणाली, "बघ. माझंही."

सिस्टर धावत आली, पेशंटला त्रास होतोय, बाहेर थांबा म्हणाली. तिचं कामच ते. हेमंत बाहेर आला आणि बाकावर बसला. दुसऱ्या दिवशी मी हात जोडले त्याला, अरे आत जा, ती जातेय. म्हणाला, "मावशी, माझ्यामुळे वाढलं आणि त्यात गेली तर?" तिसऱ्या दिवशी तो बाकावर बसलेला असतानाच ती गेली.

ठमीला हेमंतने दिंडोशीला नेलं. मी म्हटलं, माझ्याकडे राहू दे, आवडते मी तिला. तो म्हणाला, नको, आईची आहे. मला वाटलं, आठवड्यात संपणार ही. त्या घरात टीव्ही दिवसभर चालू, पोरांची मारामारी, प्रज्ञाचा मिक्सर, खाली रिक्षांचे हॉर्न. पण आता विजूला जाऊन दोन महिने होत आले, आणि गेल्या रविवारी मी गेले तर प्रज्ञा म्हणाली, डॉक्टरबाईंनी गोळी निम्मी केली. दाब खाली आलाय. त्यांनी विचारलंसुद्धा, घरात काय बदललंत म्हणून.

मोजायची वेळ झाली तशी प्रज्ञाने कफ घेतला आणि हेमंत मुकाट्याने उठून दाराबाहेर गेला. स्वतःच्या घराच्या. "ते असंच करतात," प्रज्ञा म्हणाली. तिला हेडफोन जमत नाही, ती आवाज स्पीकरवर लावते. कुकर शिट्ट्या मारत होता, टीव्हीवर कुणीतरी कुणाला थोबाडत होतं, आणि मधे ठमीची नाडी, बैलगाडी चालल्यासारखी संथ. आकडा एकदम ठीक. मी दार उघडून हेमंतला दंडाला धरून आत आणलं. म्हटलं, आज तुझ्यासमोर. तो बसला, श्वास धरून. प्रज्ञाने पुन्हा मोजलं. तेवढंच. त्याने काट्याकडे वाकून बघितलं, म्हणाला, परत घे. परत तेवढंच. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते लहानपणी पास झाल्यावर यायचं.

मग तो म्हणाला, "आईसारखं घे. सगळं बंद करून."

नको म्हणायला हवं होतं मी. प्रज्ञाने गॅस घालवला, टीव्ही बंद केला, पोरांना आतल्या खोलीत पाठवलं. हेमंतने पंखा बंद केला, खिडकी लावली. घर गप्प झालं. आणि पाय पसरून पडलेली ती मांजर आखडली. कान मागे, पंजे पोटाखाली. स्पीकरमधली नाडी धावायला लागली. कफमध्ये अजून हवासुद्धा भरली नव्हती. आम्ही तिघं ऐकत बसलो. त्या आंधळ्या जिवाला एवढंच कळत होतं, घर शांत झालं की विजू येते, पाय धरते, आवळते. हेमंत यायचा तेव्हा तर घर आणखीच गप्प व्हायचं. माझ्या बडबडीत तिला तेवढी सुटका मिळायची, प्रेमबिम काही नव्हतं. मी म्हटलं, "तू नव्हतास रे. कधीच नव्हतास. ती विजूच होती."

हेमंतने उठून टीव्ही लावला, आवाज मोठा केला. प्रज्ञाने कुकर परत चढवला. ठमी हळूहळू सैल पडली. आता पुन्हा एकदा घेऊन बघू, असं प्रज्ञा म्हणाली, तर हेमंत चपला घालून दाराकडे निघाला. मी मागे गेले. आता कशाला रे, म्हटलं, आता तर कळलं ना? तो पॅसेजमधल्या भिंतीला टेकून उभा होता. "मी नव्हतो, तर मग मी एवढी वर्षं बाहेर का उभा होतो, मावशी?" म्हणाला. "असू दे. आई बरोबर होती."

विजू समोर असती तर तिला मी त्या क्षणी उभी चिरली असती. तिच्यासाठी खोटी साक्ष देईन म्हणणारी मी... मुकाट आत येऊन बसले. प्रज्ञाने कफ बांधला, मोजलं. आकडा ठीक होता, तिने तो मला हळूच सांगितला. मी तो मोठ्याने सांगितला, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. जरा वेळाने दार बोटभर उघडलं आणि फटीतून हेमंतने विचारलं, "झालं? येऊ आत?"