बिनजरीची नवरी

सास्तूर गावात एक म्हातारी, तिची सून सुमन अन् नात ऋतुजा राहत होत्या. म्हातारी म्हंजी मीच! लग्नघरात किस्से खरकट्या भांड्यावानी साचत्यात; एक घासावा तर दोन नवे पडत्यात.

ऋतुजानं ठरवलं, लग्नात बिनजरीची, बिनखड्याची साडी नेसायची. "आज्जी, आता हीच फॅशन हाय. साडी साधी असली की माणूस दिसतं!"

पण ढोकीच्या विहीणबाई लई मानाच्या. सून झगमगीत पाहिजे, असं साखरपुड्यातच बोलल्या होत्या. त्या मांडवातून उठून गेल्या तर? ह्या धास्तीनं सुमनला घास गिळंना.

•

नळदुर्गच्या दुकानात ऋतुजानं फिकी अबोली साडी उचलली. दुकानदार म्हणला, "ताई, त्या आहेराच्या. नवरीच्या इकडं!"

"मीच नवरी."

त्यानं सुमनकडं पाहिलं. "काकू, घरी समदं बरं हाय ना?"

सुमन लाजून म्हणली, "आहेरालाच नेतोय." अन् खोटं खरं वाटावं म्हणून तसल्याच दोन घेतल्या!

•

शिंपी शब्बीर मास्तरनं ब्लाउजच्या पाठीवर चमचमती फुलं लावून दिली.

"मास्तर, साधा सांगितला होता!"

"बेटी, पैसे नको. नवरीचं ब्लाउज कोरं दिलं तर माझ्या हाताला बरकत राहील का?"

फुलं उसवायला सुमन बसली. शेवटचं एक काय काढंना. मला म्हणली, "ऱ्हाऊ द्या हो आत्याबाई, विहीणबाईला दाखवायला तरी!"

•

लग्नाच्या दिवशी शेजारची पार्वती खोलीत आली अन् ऋतुजालाच म्हणली, "सरक गं बाई जरा. नवरी कुठंय?"

सुमननं लगबगीनं ऋतुजाच्या केसात अजून एक गजरा माळला.

•

वऱ्हाड आलं. विहीणबाई भरजरी शालूत थेट खोलीत. ऋतुजाला वरून खाली न्याहाळलं.

"समद्या भाईर जा. आजी, तुम्ही थांबा."

आतून कडी लावली.

त्यांनी ऋतुजाचा पदर चिमटीत धरला. "टोचत न्हाय?"

"न्हाय, आई."

विहीणबाई मटकन खाटंवर बसल्या. "माझ्या लग्नात जरीनं काखा सोलल्या होत्या. आजबी तेच चाललंय. पण सांगावं कुणाला?"

मग हळूच मला म्हणल्या, "आजी, असली अजून एक हाय का?"

भाईर सुमन म्हणं डोळे मिटून उभी होती. अक्षतेला हाक आली, तशी कडी निघाली. सासू-सून एकसारख्या अबोली साडीत, हातात हात घालून भाईर आल्या.

पार्वती माझ्या कानाशी लागली. "आज्जे, ह्यातली नवरी कोणती?"

अन् इतके दिवस घास न गिळलेल्या सुमननं तिथंच बुंदी मागितली.