तिन्ही रकान्यांत नोलीन

नोलीन शुल्झ चिडलेली नाही असा दिवस ऑस्ट्रेलियातल्या विमेरा भागातल्या त्या धान्य-सहकारी संस्थेत कुणी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला कारणंही रोज ताजी मिळत. ट्रकचा वजनकाटा आकडा दाखवेना, बोलवा नोलीनला. पगाराच्या पावत्या छापेनात, नोलीन. मॅनेजरच्या बायकोने पाठवलेला कुत्र्याचा फोटो उघडेना, तरी नोलीनच. बाई आली की आधी बडबडणार, मग काम करणार, आणि जाताना पुन्हा बडबडणार. लोकांना त्याची सवय झाली होती. बडबडली नाही तर उलट लोक घाबरत, की काहीतरी मोठं बिघडलंय.

बियाण्याच्या शेडला लागून तिची खोली. दाराखालून गव्हाची धूळ येते म्हणून तिने तिथे जुना टॉवेल कोंबलेला. आत दोन दणकट सर्व्हर, आणि त्यांच्या पोटात साठेक आभासी यंत्रं, म्हणजे नुसते सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक. चाळीत बिऱ्हाडं नांदावीत तशी ती नांदत: काट्याचं एक, पगाराचं एक, शेतकऱ्यांच्या खात्यांचं एक. प्रत्येकाला वाटे, घरात आपण एकटेच. कुणाला किती जागा, किती जोर, कोण आजारी पडलं तर त्याला उचलून दुसऱ्या खोलीत कसं न्यायचं, हे सगळं बघणारी जी प्रणाली, ती या चाळीची घरमालक. गेली कित्येक वर्षं घरमालक एकच होता आणि नोलीनचं त्याच्याशी बरं चाललं होतं.

मग ती प्रणाली बनवणारी कंपनीच दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली आणि भाडं चौपट केलं.

"दुसरे कोण कोण आहेत ते बघ, आणि तुलना करून दे," मॅनेजर लॉकी म्हणाला. लॉकी मेलबर्नहून आलेला, तिशीतला, पायात कायम स्वच्छ बूट. "शुक्रवारपर्यंत होईल ना?"

"शुक्रवारपर्यंत? अरे, फ्रीज घ्यायचाय का आपल्याला?"

"बरं, पुढच्या शुक्रवारपर्यंत."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते लॉकीकडून शिकावं. नोलीनने तोंडात आलेला शब्द गिळला आणि म्हणाली, "आणि मी ऑक्टोबरअखेर जातेय, ते लक्षात आहे ना? मार्चमध्येच लिहून दिलंय."

"हो हो, बघू आपण ते."

हे 'बघू' ती चार वर्षं ऐकत होती. दर वर्षी निघायचं ठरे, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणे, एवढी सुगी काढून दे. सुगी म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, दारात ट्रकांची रांग आणि काटा पाच मिनिटं थांबला तरी ड्रायव्हरांच्या शिव्या. तिचा नवरा डेस गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत मेंढ्या कातरत होता. आता त्याला एकच ध्यास होता, गाडीला कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून उत्तरेला ब्रूमच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जायचं. कॅरव्हॅन घेऊन ठेवली होती. "गुडघे आहेत तोवर जाऊ या गं," एवढंच तो म्हणे, आणि ते ऐकून नोलीन त्याच्यावरही चिडे.

तो शुक्रवार कधीच मागे पडला; तुलनेत तिचा जून ते ऑगस्ट, तिकडचा अख्खा हिवाळा गेला. तिघं उमेदवार उरले. पहिला जुना घरमालक, चौपट भाड्याचा. दुसरा जवळजवळ फुकट. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेला. त्याच्या ती प्रेमातच पडली. बाजूला पडलेल्या दोन जुन्या सर्व्हरांवर तिने तो चढवला, काट्याचं बिऱ्हाड त्यावर हलवून पाहिलं, मुद्दाम एका सर्व्हरची वीज तोडली; काटा डोळा लवायच्या आत दुसऱ्यावर उभा. तिसरा पेटीवाल्यांचा. जवळच्या हॉर्शम शहरातलं एक दुकान सगळं आत भरलेली तयार पेटी आणून बसवतं, महिन्याला पैसे घेतं, आणि आतलं काहीही आपल्याला हलवू देत नाही. सेटिंग बदलायचं तर फोन करायचा. त्यांचा विक्रेता दोनदा येऊन तिचीच बिस्किटं खाऊन गेला आणि तिलाच विचारून गेला, "मॅडम, इथलं कॉम्प्युटरचं कोण बघतं?"

पेटीवाल्यांना तिने सगळ्यांत कमी गुण दिले. शेरा लिहिला: संथ, महाग, आणि वापरणाऱ्याला मूर्ख समजणारा.

लॉकीने तक्ता पाहिला आणि विचारलं, "यातले काही रकाने हिरवे करता येतील का? बोर्डाला हिरवं आवडतं."

बोर्ड म्हणजे सात शेतकरी. मंगळवारी संध्याकाळी सभा, मध्ये टोमॅटो सॉसबरोबर सॉसेज रोल. नोलीन उभी राहून बोलू लागली आणि दुसऱ्याच वाक्याला अध्यक्ष मर्व्हने हात वर केला. मर्व्ह सत्तरीचा, आयुष्यभर हिरव्या ट्रॅक्टरवर बसलेला.

"नोलीन, सोपं करून सांग. यातला हिरवा कुठला?"

"हिरवा घेऊन रस्त्याकडेला उभं राहायची हौस तुलाच," पलीकडून लाल ट्रॅक्टरवाला एकजण म्हणाला, आणि झालं. दहा मिनिटं गिअरबॉक्स, कुणाचा हिरवा कुठल्या साली कुठल्या बांधावर बसला, सगळी उजळणी. आपला तो बाब्या! नोलीनने कपाळाला हात लावला. एवढा हिवाळा जाळून आणलेला तक्ता, आणि इथे ट्रॅक्टरांची कुस्ती.

"ट्रॅक्टर नाहीयेत हे!" ती शेवटी ओरडलीच.

"अगं, आहेतच," मर्व्ह शांतपणे म्हणाला. "मी रंग बघून घेत नाही. मी बघतो, सुगीत दुपारी बंद पडला तर माणूस कोण येतो. ते या तक्त्यात कुठंय? जुना बंद पडला तर कोण येतं?"

"मी."

"हा फुकटचा?"

"मीच. दुसरं कोण येणार?"

"आणि पेटीवाला?"

ती बोलणार होती 'मी', आणि थांबली. तिन्ही रकान्यांत तिने स्वतःला धरूनच गुण दिले होते. किती बिघडेल, किती लवकर सुधारेल, सगळे अंदाज नोलीन खोलीत बसलेली आहे असं समजून. जाते जाते म्हणणारी बाई आपल्याच तक्त्यातून गेली नव्हती! लॉकीवर काय चिडायचं?

"पेटीवाल्याला हॉर्शमची पोरं येतात," ती म्हणाली. "दोघं आहेत. तासाभरात. तसा करार आहे."

"त्याला तर तू सगळ्यांत कमी दिलेत," लॉकी म्हणाला. "फुकटवाला पहिला आहे. पैसेही वाचतात. मला वाटतं—"

"ती काय म्हणते ते ऐकू," मर्व्ह म्हणाला. "बोल, बाई. तू म्हणशील ते घेऊ."

आणि खरंच घेतलं असतं. तिच्या शब्दावर सातही हात वर गेले असते. फुकटवाला आला असता, तिने हाताने उभारलेला, देखणा, संस्थेचे पैसे वाचवणारा. आणि पुढच्या सुगीला, त्याच्या पुढच्या सुगीला त्याचं नाडीपरीक्षण करायला जगात एकच वैद्य असता. डेसचे गुडघे काही थांबणार नव्हते.

"पेटीवाला घ्या," नोलीन म्हणाली. मर्व्हने कानामागे हात धरला तशी तिने पुन्हा सांगितलं. "पेटीवाला घ्या. महाग आहे. मला अजिबात आवडत नाही. पण मी ऑक्टोबरअखेर जातेय, आणि तो माझ्याशिवाय चालतो."

लॉकी तक्त्याकडे बघत राहिला, जणू ऑक्टोबर हा महिना तो पहिल्यांदाच वाचत होता. मग लाल ट्रॅक्टरवाल्याने दर विचारला, थोडी कुरकुर झाली आणि हात वर गेले. तिच्या हिवाळ्याचा निकाल लागायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"म्हणजे आता तुझ्यावाचून अडणार नाही म्हणायचं," मर्व्ह म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. सॉसेज रोलची ताटली तिच्याकडे सरकवतच म्हणाला.

"नाही अडणार," ती म्हणाली.

हेच ऐकायला ती चार वर्षं भांडली होती. आणि आता ऐकलं तर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिने कागद गोळा केले, कुणाचा निरोपही न घेता बाहेर आली. डेस गाडीत बसून रेडिओवर फुटबॉलची चर्चा ऐकत होता.

"काय झालं गं? पुन्हा थांबवलं?"

"नाही. सोडलं," ती म्हणाली आणि दार इतक्या जोरात आपटलं की डेस दचकला. "मेल्यांनी एकदासुद्धा थांब म्हटलं नाही."