प्रश्नचिन्हाला नंबर नाही

सकाळी आठच्या सुमारास पवित्राच्या एका कानात ऑफिसची मीटिंग असते आणि दुसऱ्या कानात कुकर. "दोन झाल्या का तीन?" असं ती योगीराजला, म्हणजे नवऱ्याला, खुणेनं विचारते आणि तो दात घासत घासत बोटं दाखवतो. त्या दिवशी तिसरी शिट्टी व्हायच्या आत दार वाजलं. हातानं नव्हे, पायानं.

दारात वरच्या मजल्यावरचे घरमालक, भगवंतराव. एका हातात स्टीलचा लोटा, म्हणजे कॉफीचा पेला, दुसऱ्या हातात डॉक्टरांचा कागद. मग दार वाजवायला उरणार काय?

"हे बघ," त्यांनी लोटा तिच्या नाकाखाली धरला. तळाशी दोन घोट डुचमळत होते. "ही कॉफी आहे की तीर्थ?"

पवित्रानं मीटिंग बंद केली. तीर्थाचा विषय निघाला म्हणजे काय निघालं, ते तिला बरोबर कळलं.

पवित्रा निपाणीची. बी.एस्सी. झाली, लग्न होऊन बेंगळुरात राजाजीनगरला आली आणि मेडिकल कोडर झाली. तिच्या सासूबाई गावात सांगतात, "सून अमेरिकेच्या डॉक्टरांचे पेपर तपासते." तेवढा मान त्या कामाला नाही. तिकडच्या डॉक्टरानं पेशंटबद्दल लिहिलेलं वाचायचं आणि त्या दुखण्याचा ठरलेला नंबर लावायचा, की तिकडची विमा कंपनी हलते. पोपट चावला तर एक नंबर, बदक चावलं तर वेगळा. पवित्राच्या वाट्याला कापणारी, आखडणारी, थिरकणारी माणसं आली. कोणाचा हात थरथरतो, कोणाची मान वाकडी होते, कोणाचे पाय अंथरुणावर स्वस्थ पडत नाहीत. वर्षानुवर्षं हेच वाचून तिची नजर बिघडली. बसमध्ये समोरचा गुडघा हलवत बसला की हिच्या मनात नंबर उमटलाच. योगीराज घोरतो त्याला नंबर आहे. सांगितलेलं ऐकत नाही त्याला अजून कोणी काढलेला नाही, एवढीच तिची तक्रार.

या कामात पहिला नियम म्हणजे आपलं डोकं चालवायचं नाही. दवाखान्यात दाखवून घरी गेलेल्या पेशंटच्या कागदावर 'बहुतेक', 'असावं' किंवा नुसतं प्रश्नचिन्ह असेल, तर त्या आजाराचा नंबर लावायचाच नाही. जे दिसतंय तेवढंच लिहायचं. हात कापतो, तर 'हात कापतो'. ऑफिसात पवित्रानं हा नियम कधी मोडला नाही. मोडला तो वरच्या मजल्यावर, गेल्या पौर्णिमेच्या सत्यनारायणाला.

भगवंतराव पळीनं तीर्थ देत होते. तळहातावर पडायचं ते मनगटावर पडत होतं. लोकांनी मुकाट्यानं मनगटं चाटली. पवित्रा मात्र त्यांच्या बायकोच्या, रत्नाबाईंच्या, कानाशी लागली. "अक्का, अण्णांना पार्किन्सन दिसतोय. दाखवून घ्या."

रत्नाबाईंच्या कानात सांगणं आणि गच्चीवर भोंगा लावणं यात भोंग्याचा खर्च तेवढा जास्त. प्रसादाच्या द्रोणाबरोबर बातमीही घरोघर गेली.

भगवंतरावांचं घराणं बेंगळुरात चारशे वर्षांचं. एवढ्या काळात त्या घरात कोणी कोणाचं ऐकलं नव्हतं. आता सगळे मिळून भगवंतरावांना ऐकवू लागले. मुलगा रणजीत इंदिरानगरहून आला तो स्कूटरची किल्ली घेऊनच परत गेला. दाढीला न्हावी लागला. पाहुणे केळी घेऊन येत आणि सोलून हातात देत. आणि सांडते म्हणून कॉफी पाव लोटा.

"जन्मभर हॉटेलात बाय टू प्यायलो, एकातले दोन केले," भगवंतराव म्हणाले. "आता घरात बाय फोर?"

"आत या की, अण्णा. बसा."

"बसणार नाही. बसलो की पाठीला उशी लावतात." त्यांनी कागद पुढं केला. "काल मोठ्या डॉक्टरला दाखवलं. अमेरिकेला नंबर देतेस ना? माझा सांग."

पवित्रानं वाचलं. दोन्ही हात कापतात, वस्तू धरताना जास्त. पार्किन्सन, आणि पुढं प्रश्नचिन्ह. दम्याच्या औषधानंही हात कापू शकतो, ते बदलून दोन महिन्यांनी बघू.

"मी 'हात कापतो' एवढंच लावीन."

"आणि ते दुसरं?"

"त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह आहे. त्याला नंबर नाही. लावला तर साहेब चूक धरतात."

"पूजेत धरायला कोणी नव्हतं वाटतं?"

"नव्हतं, अण्णा." पवित्रानं कागद परत दिला. "चुकलंच माझं."

"खाली चुकून उपयोग नाही. बोंब वर झालीय. चल वर."

वर रत्नाबाई नारळ खवत होत्या. पवित्रा त्यांच्यासमोर उभी राहिली. "अक्का, त्या दिवशी मी बोलले ते मागं घेते."

"मागं कसं घेतेस? लोकांची केळी खाल्ली की आम्ही." मग रत्नाबाईंचा हात थांबला. "म्हणजे ह्यांना ते नाही?"

'नाही' म्हणायला पवित्राची जीभ वळवळली. एका शब्दात सगळं मिटलं असतं. पण तेही डोकं चालवणंच झालं असतं.

"आहे म्हणता येत नाही, अक्का. नाही पण म्हणता येत नाही. दोन महिन्यांनी डॉक्टर सांगतील. तोवर अण्णांचा हात कापतो, एवढंच."

"तो काय आजच कापतोय? मंगळसूत्र बांधताना पण कापत होता!"

"तेव्हा भीतीनं," भगवंतराव म्हणाले.

"आणि आता?"

भगवंतरावांनी खिडकीबाहेर बघितलं. "आता पण स्वल्प भीतीनंच."

रत्नाबाईंनी हात पदराला पुसले. "किल्ली नाही मिळणार हां," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"किल्ली राहू दे." भगवंतरावांनी उरलेले दोन घोट पिऊन टाकले आणि लोटा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं ठेवला. "कॉफी काठापर्यंत भरून दे. सांडली तर मी पुसीन."