उंबऱ्याजवळची धूळ

शेजारच्या काकू एरवी इतक्या टापटिपीच्या, की त्यांच्या चुलीपुढे राखेचा कण सापडायचा नाही. उंबऱ्याजवळचा हातभर तुकडा मात्र त्या झाडत नसत. घरातलं माणूस परगावी निघालं, की ते पोचेपर्यंत तिथला केर काढायचा नाही. लगेच झाडतात ते फक्त मढं उचलल्यावर. त्यांचा मुलगा हैदराबादच्या कॉलेजातून वर्षभरासाठी लंडनला शिकायला गेला होता.

"तो तर कधीच पोचला, काकू," मी एकदा म्हणालो.

"घरी येईल तवा पोचला म्हणायचं, मास्तर."

मला हसू यायचं. मग लढाई पेटली, बोटी बंद झाल्या, पत्रं थांबली. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या रेडिओवर रोज लंडनवरच्या बॉम्बची बातमी. ती ऐकून मी परतलो, की काकू दारात उभ्या. माझं तोंड तेवढं बघत.

एकदा त्यांची नणंद पाहुणी आली आणि तिनं भल्या मनानं तो तुकडा लख्ख झाडून टाकला. काकू विहिरीवरून आल्या. घागर खाली ठेवून उकिरड्याकडे गेल्या, तो केर सुपात भरून आणला आणि उंबऱ्याजवळ पसरू लागल्या.

"बराबर झालं का हो, मास्तर? आधी धूळ एवढीच व्हती न्हाई?"

शाळेत मी विज्ञान शिकवायचो. खाली वाकून मी नीट पाहिलं.

"कोपऱ्यात थोडी कमी वाटते, काकू," मी म्हणालो.