दसऱ्याला कंपनी बघायला

आज सकाळी स्कूटरला माळ बांधताना बोटांना तेल लागलं. झेंडू आणि तेलाचा तो मिसळलेला वास आला आणि एकवीस वर्षांपूर्वीचा दसरा आठवला.

तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत होतो. वर्षातून एकदाच, यंत्रपूजेच्या दिवशी, घरच्यांना आत सोडत. बायको काठाची साडी नेसून आली होती. सहा वर्षांच्या सईने तर ‘माझे बाबा गाडी बनवतात’ असं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

हळदीकुंकू लावलेल्या माझ्या मशीनपाशी ती थांबली. "बाबा, गाडी कुठंय?"

मी तिच्या हातावर एक बुश ठेवला, बोटाच्या पेराएवढी लोखंडी नळी. "मी एवढंच बनवतो. गाडी दुसरीकडे जोडतात."

तिचा चेहरा पडला. बायको घाईने म्हणाली, "अगं, याच्याशिवाय गाडी चालतच नाही. हो की नाही हो?"

"चालते," मी म्हणालो. "पण खडखडते."

"सणाच्या दिवशी तरी इतकं बरोबर बोलू नका!"

परतताना कंपनीच्या बसमध्ये सई खिडकीला नाक लावून बसली होती. मोशीजवळ मोठा खड्डा आला, बस नुसती हेलकावली. सई एकदम सीटवर उभी राहिली. "खडखडली नाही! बाबांचं आहे ना यात!" सगळी बस हसली.

आमचा बुश त्या बसमध्ये लागत नव्हता. ते सांगायला मी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, मापात चालतो तसा खऱ्यातही एवढा फरक चालतो.