उंदीरवाली धुरपता

सिंदीत उंदीर मारणारे घरोघर होते. रेल्वेलगतच्या गोदामांत सरकीची पोती, जीनच्या गिरणीच्या आवारात कापसाचे ढीग, त्यामुळे गावात माणसं कमी आणि उंदीर जास्त अशी गत. त्या गावात पुढे एका बाईलाच लोक 'उंदीरवाली' म्हणू लागले. तिच्या माहेरचं कुणी हयात असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता, कारण धुरपताइतकं उंदराला भिणारं माणूस सिंदीत दुसरं नव्हतं. साप निघाला तर ती काठी शोधायची. उंदीर दिसला की तिचे हातपाय गार पडायचे.

ही भीती उगीच बाळगलेली नव्हती. ती सात वर्षांची असताना माहेरच्या घरात आढ्यावरून एक उंदीर चुलीपाशी पडला. उठला, दारू प्यायलेल्या माणसासारखा झोकांड्या खात दोनदा गोल फिरला आणि आडवा झाला. नाकाशी लाल टिपका होता. उंदीर पडला की घर सोडायचं आणि वावरात कुडाची झोपडी घालून राहायचं, हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण आईनं पीठ भिजवलेलं होतं. तिनं उंदीर शेपटीला धरून बाहेर फेकला, हात पदराला पुसला आणि म्हणाली, एवढ्या भाकरी झाल्या की निघू. चौथ्या दिवशी आईच्या काखेत गाठ आली. मग बाप गेला, मग दोन्ही भाऊ. धुरपताला मावशीनं वाढवलं. पिठाच्या एका गोळ्यापायी माझं घर बसलं, असं ती आयुष्यभर सांगत आली.

आणि अशा बाईला नवरा कसा मिळावा, तर उंदीर पाळणारा.

लहानू जीनमध्ये रेच्यावर होता. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. सव्वीस हंगाम त्यानं त्या यंत्रापुढे काढले आणि तेवढ्या हंगामांची धूळ छातीत साठवली. रात्री त्याची छाती घरघरायची. शेजारच्या शकुबाईला भिंतीपलीकडून ती ऐकू यायची आणि तिची झोप मोडायची. धुरपताचं उलटं होतं. घरघर चालू असली की ती निवांत झोपायची. थांबली की दचकून उठायची आणि नवऱ्याच्या नाकापुढे हात धरायची.

तीन वर्षांमागे लहानूनं घोराडच्या जत्रेतून तीन पांढऱ्या उंदीर-माद्या आणल्या. नागपूरचा ओमप्रकाश म्हणून एक खेळवाला होता, तो त्यांना लाकडी चाकात फिरवून पोरांना खेळ दाखवायचा. लहानूनं त्यांची नावं ठेवली रुई, सरकी आणि पेळू. जीनमधल्या माणसाला आणखी काय सुचणार? धुरपता दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठली, भिंतीला लावायचा चुना घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. रेघेपलीकडे उंदरांची पेटी, उंदीर आणि लहानू. अलीकडे चूल, तिची वाकळ आणि ती.

"एक जरी इकडं आला," ती म्हणाली, "तर मी लेकीकडं, सुलोचनाकडं, पुलगावले चालली जाईन. मंग बसजो उंदरायच्या हातच्या भाकरी खात."

तीन वर्षं ती रेघ तिनं दर सारवणानंतर नव्यानं ओढली. संध्याकाळी उंदीर मोकळे सुटले की ती हातात झाडायचा फडा घेऊन रेघेवर बसायची. फड्याचे दोनचार फटके जमिनीवर बसल्यावर त्या तिघीही शहाण्या झाल्या. लहानूच्या खांद्यावर, धोतराच्या ओच्यात, उशाखाली त्यांचा मुक्काम असायचा. रेघेअलीकडे मात्र त्यांचा वासही नव्हता.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात, जीनचा हंगाम संपल्यावर, लहानूला जिना तर सोडाच, दाराचा उंबराही दमवू लागला. धुरपतानं मागे लागून त्याला वर्ध्याला डॉक्टरकडे पाठवलं. दिवसभर ती दारात बसून राहिली. संध्याकाळच्या गाडीनं तो आला, एका हातात लाल औषधाची बाटली आणि दुसऱ्या हातात भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. डोंगर पोखरून उंदीर काढल्याचं तिनं ऐकलं होतं. दवाखान्यात जाऊन उंदीर आणलेला पहिल्यांदाच पाहत होती.

"काय म्हने दाक्तर?"

"हवा बदल म्हने."

"आन हे काय आनलं जी?"

"ओमप्रकाश ठेसनावर भेटला. फेकूनच देत होता इले. बिमार हाय."

त्यानं झाकण उघडलं. आत मूठभर पांढरं अंग फुगत होतं, बसत होतं, आणि त्यातून बारीक घरघर येत होती. मान एका बाजूला कललेली. नाकाशी आणि डोळ्यांच्या कडेला लाल टिपके.

धुरपता मागे सरत सरत भिंतीला टेकली. सेहेचाळीस वर्षं मागे ठेवलेला तो उंदीर डब्यात बसून तिच्याकडे बघत होता.

"रगत नोहे ते," लहानू म्हणाला. "मीही भेलो होतो. पन ओमप्रकाश म्हने, 'खून नहीं है भैया, इनका आँसूच लाल रहता.' उंदराचे आसूच लाल असतात, धुरपे."

आसू लाल असोत की निळे, तिला त्याचं काय! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसलाच प्रकार. पण तिच्या काळजात धस्स झालं ते लहानूच्या पुढच्या वाक्यानं. डबा पेटीजवळ ठेवता ठेवता तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हे जगली पायजे."

तिनं त्याचा अर्थ लावला आणि त्या अर्थानं तिची पाठ सोडली नाही. डॉक्टर काय बोलला ते हा सांगत नाही. याची छाती घरघरते, तिचीही घरघरते. यानं मनात पैज लावली आहे: ही जगली तर मी जगलो. आणि ती गेली तर? अगोदर असं काही झालं की बायका मरीमायला नवस बोलायच्या. पण छप्पन सालच्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते आणि कोनाड्यातले देव तिनं स्वतःच्या हातांनी काढले होते. त्याचा तिला पस्तावा नव्हता. फक्त इतकी भीती वाटत असताना हात रिकामे राहतात, हे तिला त्या आठवड्यात कळलं.

लहानूनं नवीचं नाव ठेवलं कवडी. बोंडातला किडका, पिवळा कापूस असतो, त्याला कवडी म्हणतात; एकट्या कवडीला व्यापारी हात लावत नाही. जीनमध्ये त्यावर तोड असे. चांगल्या कापसात थोडी थोडी कवडी मिसळायची, हातानं चांगली कालवायची, की सगळं एकच होऊन जातं. लहानूनं तीच तोड इथे केली. तिघींच्या पेटीतला बसायचा कापूस काढला, कवडीच्या डब्यातला काढला, दोन्ही कालवून दोन्हीकडे घातला. कवडीचं अंगही त्या कापसानं पुसलं. चार दिवस असं करून पाचव्या दिवशी दुपारी त्यानं तिला पेटीत सोडलं.

धुरपता रेघेवर उभी राहून पाहत होती. रुई आणि पेळू हुंगून मागे सरल्या. सरकी पुढे आली. तिचे केस उभे राहिले होते, अंग आडवं करून ती दात कटकटवत सरकत होती. कवडी पळालीही नाही. पळायला दम कुठे होता? पेटीच्या कोपऱ्यात ती पोट वर करून पडली. तरी सरकीनं तिला पाठीत चावलं. लहानूनं हात घालून तिला उचललं तेव्हा त्याच्या बोटांवर रक्त आलं होतं, आणि ते आसू नव्हते.

"कापूस हाय का तो कालवायले?" धुरपता ओरडली.

लहानू खाली बसला. चाव्यात हळद भरून तो म्हणाला, "त्यायच्या घरात बाहेरचं कसं चालंल? जागाच चुकली माही. जिथं कोनाचाच वास नाई तिथं चौघी एकत्र आल्या तर भांडनार नाई."

"मंग ने बाहेर."

"बाहेर मांजरी हायेत. आन घरात..." त्यानं चहूकडे पाहिलं. त्याचं अंथरूण, धोतर, खांदा, कोपरा, सगळीकडे तिघी नांदलेल्या. मग त्याची नजर चुन्याच्या रेघेवरून पलीकडे गेली आणि तिच्यावर थांबली.

धुरपता म्हणाली, "नाई."

त्यानं आग्रह केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. दोन दिवस कवडीनं ज्वारीच्या कण्यांना तोंड लावलं नाही. ती डब्यात एकटी बसून राहायची आणि घरघर क्षीण होत चालली होती. लहानूही अर्ध्या भाकरीवर उठू लागला. त्यात शकुबाई दारात येऊन गेली. "बिमार उंदीर हाय म्हनतात तुमच्या घरी," ती म्हणाली. "आमची लहान लेकरं हायेत, बाई. पिलेग आठवत असंल तुले." धुरपताला आठवत नव्हतं असा एक दिवस गेला नव्हता. पण शकुबाईच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला काय झालं कोण जाणे, ती फणकाऱ्यानं म्हणाली, "पिलेग नोहे तो. त्यायचे आसूच लाल असतात." शकुबाई गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिच्या कानांना दोन्ही घरघरी ऐकू येत होत्या, मोठी आणि बारीक. मध्येच बारीक थांबली. तिचा हात परातीत थांबला. पीठ भिजलेलं होतं, चूल पेटलेली होती. तिला वाटलं, आईसारखं म्हणावं, एवढ्या भाकरी होऊ दे. ती ताडकन उठली. बारीक घरघर पुन्हा सुरू झाली होती, पण आता तिला बसवेना. तिनं हात धुतले, रेघेअलीकडे मांडी घालून बसली आणि धुतलेलं लुगडं मांडीवर पसरलं.

"आना," ती म्हणाली. "लवकर आना. नाईतर पुन्हा मी नाई म्हनीन."

लहानूनं आधी कवडीला ठेवलं. धुरपतानं डोळे गच्च मिटले होते. तिला वाटलं होतं, उंदराचं अंग थंड आणि ओलसर असेल. ते ऊन होतं, आणि लुगड्यातूनही आतली घरघर मांडीला लागत होती. मग रुई आली, मग पेळू. बारीक नखं लुगड्यात रुतली. तिच्या काखेत घाम सुटला, आणि काखेतच सुटला म्हणून ती आणखी घाबरली. शेवटी सरकी. आता चावेल, आता रक्त येईल, आता ही मरेल आणि मग हाही.

"डोये उघड," लहानू हळूच म्हणाला.

सरकीचे केस बसलेले होते. परक्या जागी ती स्वतःच भेदरली होती; पोट जमिनीला लावावं तशी लुगड्याला चिकटून, कान मागे टाकून ती हुंगत चालली होती. घाबरलेल्या माणसाला भांडण सुचत नाही, तसंच ते. कवडीपाशी येऊन ती थांबली. हुंगलं. मग आपलं नाक तिच्या मानेखाली घातलं आणि तिच्या डोळ्याकडेचे लाल टिपके चाटून काढू लागली. पेळू येऊन त्यांच्या अंगावर चढली. थोड्या वेळानं चौघींचा एकच ढीग झाला, आणि त्या ढिगातून घरघर येत राहिली.

धुरपताला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं.

"जगली," ती म्हणाली. "तुमची पैज जितली. आता तुमीही औषध घ्या नीट."

"कायची पैज?"

तिनं सांगितलं. लहानू ऐकत राहिला, मग हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबल्यावर भिंतीला टेकून बसला.

"दाक्तर म्हने, पोळा पाहशीन का नाई ते सांगता येत नाई," तो म्हणाला. "ते तर ठेसनावर यायच्या आधीच झालतं, धुरपे. उंदरीनं त्यात काय फरक पडते?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मंग काऊन आनली हिले?"

"या तिघीयले तू हात लावला नसता. मी गेल्यावर पेटीसकट बाहेर टाकल्या असत्या. बिमाराले मात्र तू टाकत नाई, येवढं मले ठाऊक होतं." त्यानं दम घेतला. "आन घरघर बंद झाली का तू दचकून उठतं. रोज पायतो ना मी. मंग म्हटलं, घरात काहीतरी घरघरत राह्यलं पायजे."

धुरपताला उठायचं होतं. त्याच्याजवळ जायचं होतं, त्याच्याशी भांडायचं होतं, डॉक्टरनं आणखी काय सांगितलं ते विचारायचं होतं. पण मांडीवर चौघी झोपल्या होत्या. तिनं एक हात त्यांच्यावर ठेवला, जागा मोडू नये म्हणून तशीच बसून राहिली, आणि लहानूला म्हणाली, "इकडं या. रेघेच्या अलीकडं येऊन बसा."